टाकी, टेक सात

बाबांच्या कपाटाची किल्ली आईने साखरेच्या डब्याखाली ठेवली होती. ते जाऊन आठ महिने झाले होते. या आठ महिन्यांत चहा करताना आम्ही दोघीही ती किल्ली उचलून बाजूला ठेवायचो आणि डबा जागेवर ठेवताना पुन्हा त्याच्याखाली सरकवायचो. त्यावर आमच्यात एकदाही बोलणं झालं नव्हतं.

मंगळवारी सकाळी मी एका प्रवासवर्णनाची मुद्रितं तपासत होते, तेव्हा एका बाईंचा फोन आला. त्यांनी बाबांचं नाव घेतलं, ते गेल्याचं आपल्याला उशिरा कळलं म्हणाल्या, आणि मग सरळ कामाचं बोलल्या. जुनी रिळं दुरुस्त करून त्यांवरचा आवाज संगणकावर उतरवून देणं हा त्यांचा व्यवसाय. 'तिसरा मजला' या बँडचा 'लिफ्ट बंद आहे' हा अल्बम अडतीस वर्षांनी पुन्हा निघणार होता. सोबत आणखी एक तबकडी, तिच्यात त्या वेळी न निघालेली गाणी. ती उतरवायचं काम त्यांच्याकडे आलं होतं.

"'टाकी' पण?" मी विचारलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे."

"घरात त्याबद्दल कुणी बोलत नाही. त्यामुळे चांगलंच माहीत आहे."

माहीत होतं ते एवढं: बँड एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर सराव करायचा आणि तिथली लिफ्ट कायम बंद असायची. बाबा बँडमध्ये नव्हते. ते रेकॉर्डिस्ट, काचेच्या पलीकडे बसणारे. पण ड्रम जिन्यावरून चढवताना एक बाजू नेहमी त्यांच्याच हातात असायची, असं आई सांगते. अल्बममध्ये नऊ गाणी आली. दहावं 'टाकी'. ज्यांनी ते तेव्हा कार्यक्रमांतून ऐकलं होतं ते सगळे म्हणायचे की ह्यांचं सगळ्यात चांगलं गाणं तेच. ते निघालं नाही, बँड फुटला आणि बाबा पुढची तीस वर्षं भाषणं, जाहिराती आणि शाळेच्या कवितांच्या कॅसेट मुद्रित करत राहिले.

"सोबतच्या पुस्तिकेत एक वाक्य आहे," बाई म्हणाल्या. "शुक्रवारी ती छापायला जाते. त्याआधी तुम्हाला वाचून दाखवावं असं वाटलं. 'शेवटच्या दिवशी झालेल्या वादातून रेकॉर्डिस्टने या गाण्याचं दुसरं कडवं ब्लेडने कापून फेकून दिलं, त्यामुळे गाणं इथे अपूर्ण स्वरूपात दिले आहे.'"

"आधी 'दिलं' आणि शेवटी 'दिले आहे'," मी म्हणाले. "दोन्हीकडे एकच करा."

हे माझ्या तोंडून का निघालं ते मला सांगता येणार नाही. वीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त केल्यावर हात आपोआप तिकडेच जातो.

त्यांना काही वाईट वाटलं नसावं. "हे गायकांनी सांगितलंय," त्या शांतपणे म्हणाल्या. "मला दुसरी बाजू माहीत नाही. घरी काही असलं, एखादी वही, एखादं रीळ, तर मी थांबते. पण शुक्रवारपर्यंतच."

आईला मी वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ती मटार सोलत होती.

"फेकून दिलं? ह्यांनी?" तिने हातातली शेंग ताटात टाकली. "तुटक्या चपलेचा अंगठा जपून ठेवणारा माणूस. म्हणे फेकून दिलं! आणि सातला त्यांनी हातच लावला नव्हता. सहामधला तुकडा कापला होता."

"सहा आणि सात काय?"

मग मला पहिल्यांदा सगळी गोष्ट कळली. बाबांची एक पद्धत होती. कुठलंही मोठं काम संपत आलं की ते वाया गेलेल्या टेकमधले मजेचे तुकडे कापून घ्यायचे. कुणाचा खोकला, कुणाचं चुकून आधीच सुरू होणं, खुर्चीवरून पडणं, शिव्या. ते सगळे जोडून एक रीळ करायचे आणि शेवटच्या दिवशी चहाबरोबर सगळ्यांना ऐकवायचे. त्याला ते 'हशाचं रीळ' म्हणायचे. 'टाकी'चे सात टेक झाले होते. सातवा पक्का ठरला. सहाव्यात, दुसऱ्या कडव्याच्या मधोमध, गायकाने ड्रमवाल्याला सणसणीत शिवी हासडली होती. बाबांना हशाच्या रिळासाठी ती हवी होती. त्यांनी तो तुकडा घाईत कापून घेतला; रीळ जोडायचं अजून बाकी होतं. संध्याकाळी सगळे जमले, सातवा टेक लावला, तर पहिल्या कडव्यावरून गाणं थेट तिसऱ्यावर.

"आणि आदल्याच दिवशी हे म्हणाले होते, गाणं लांबतंय, दुसरं कडवं काढलं तर बरं. झालं! भोंगा उभा राहिला." भोंगा म्हणजे गायक. नाव बाबांनीच ठेवलेलं. "म्हणाला, तुला नको होतं ना, काढलंस! हे म्हणत होते, अरे मी सहा कापला, सहा लावून बघ. पण तो ऐकतोय कशाला. रीळ काखेत मारलं आणि थेट रेकॉर्ड कंपनीत नेऊन टाकलं. ते परत कुणाच्या हाती लागलं नाही."

"बाबांनी तुला सांगितलं? सातला हात लावला नाही म्हणून?"

"त्याच दिवशी. घरी आले, हात धुतले आणि सांगितलं." तिने पुन्हा शेंग उचलली. "नंतर दोनतीन आठवड्यांनी मी विचारलं, त्या कडव्याचा काही पत्ता लागला का. तर म्हणाले, भाजी करपतेय. मग मी कधी विचारलं नाही. ज्याला बोलायचं नाही त्याला भाजीसुद्धा पुरते."

मी उठून साखरेचा डबा उचलला. आईने पाहिलं. तिने मटाराचं ताट थोडं बाजूला घेतलं, मला कपाटाकडे जायला वाट मिळावी म्हणून.

कपाटात रिळांचे खोके पुस्तकांसारखे उभे लावले होते. प्रत्येकाच्या पाठीवर बाबांचं सुबक, डावीकडे किंचित कललेलं अक्षर: काय, कधी, कुठल्या वेगाने. मला त्या अक्षराकडे फार वेळ बघवेना. सगळ्यात खालच्या फळीवर, मागे, एक खोका आडवा होता. त्यावर 'हशा' एवढंच.

घरात शेकडो तासांचा आवाज होता आणि त्यात बाबांचा एक शब्द नव्हता. प्रत्येक टेकच्या आधी रेकॉर्डिस्ट काचेमागून सांगतो, अमुक गाणं, टेक अमुक. काम पुरं झालं की बाबा ते बोलणं कापून टाकायचे. "माझा आवाज कशाला लोकांच्या गाण्यात," म्हणायचे. फोनवर तर त्यांनी आयुष्यभर फक्त मिस्ड कॉल दिले. ते गेल्यानंतर मी माझा जुना फोन, आईचा फोन, लग्नांच्या चित्रफिती, सगळं तपासलं होतं. सगळीकडे ते कुणाचा तरी माइक नीट करत होते.

बुधवारी मी खोका घेऊन त्या बाईंकडे गेले. चष्म्याच्या दुकानावरची एक लांबट खोली. भिंतीला लागून तीन जुनी रेकॉर्डिंग यंत्रं, मधे संगणक, आणि खिडकीपाशी थरांच्या जाळ्या असलेलं एक पांढरं यंत्र.

"हे फळं सुकवायचं आहे," त्या म्हणाल्या. "इतक्या जुन्या टेपचा लेप चिकट होतो. तशीच चालवली तर सगळा लेप यंत्राच्या हेडवर निघून येतो. म्हणून पन्नास-पंचावन्न अंशांवर आठ तास ठेवायची. मग काही दिवस ती नीट वाजते, तेवढ्यात उतरवून घ्यायचं. माझ्या सासूबाई अजून विचारतात, सफरचंदं कधी करणार."

त्यांनी खोका उघडला, रिळाचा वास घेतला, कडेवरून बोट फिरवलं. "याच्यात खूप जोड आहेत. दीडदोनशे तरी. चिकटपट्टी वाळलेली असणार. वाजवताना दर जोडाला सुटेल."

"मला जोडता येतं," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्यानंतर आम्ही एकमेकींना 'अहो-जाहो' करणं विसरत गेलो, कधी ते लक्षात नाही.

"त्याआधी एक ऐक," ती म्हणाली. "कंपनीतलं रीळ. हे मी आधीच भाजून घेतलंय. तू बस."

तिने यंत्र सुरू केलं. थोडी खरखर, कुणीतरी तार जुळवतंय, आणि मग काचेमागचा आवाज:

"टाकी. टेक सहा."

तीन शब्द. काम पुरं व्हायच्या आधीच हे रीळ नेलं होतं, म्हणून ते कापायचे राहिले होते. तो आवाज मी ओळखत होते त्यापेक्षा तरुण होता, घाईत होता, आणि त्यात एक हसू दाबलेलं होतं, कारण समोर काचेपलीकडे कुणीतरी काहीतरी वेडेपणा करत असणार. मी खुर्चीची कड धरून बसले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, त्याबद्दल मी तिची आभारी आहे.

गाणं सुरू झालं. पहिलं कडवं. दुसरं कडवं. आणि मधोमध, ड्रमची एक चुकीची गिरकी आणि: "अरे गाढवाच्या लेका, ते नंतर आहे!" मागून चौघांचं हसणं.

तिने यंत्र थांबवलं.

समजायला मला थोडा वेळ लागला. सहाव्या टेकमध्ये शिवी जिथल्या तिथे होती. कुणी कापली नव्हती. म्हणजे जे कापलं होतं ते सातव्यातून.

"हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही," ती म्हणाली.

मी उठून खिडकीपाशी गेले. खाली एक माणूस दुकानाच्या दारात नवा चष्मा लावून रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे आलटून पालटून बघत होता. आई अडतीस वर्षं एका वाक्यावर उभी होती आणि ते वाक्य खरं नव्हतं. बाबा तिच्याशी खोटं बोलले? की भोंगा म्हणाला तेच खरं, की त्यांनी गाणं छोटं करायचं ठरवून केलं? मी त्यांना ओळखत होते असं मला वाटत होतं. पण माणूस घरात कसा आहे एवढंच घरच्यांना माहीत असतं.

"पुस्तिकेत 'काही कारणाने' असं लिहिता येईल," ती मागून म्हणाली. "'दुसरं कडवं काही कारणाने उपलब्ध नाही.' मी कंपनीला पटवेन. तुझा खोका तू घरी ने. मी त्यात काय आहे ते ऐकलेलं नाही."

ती हे मनापासून बोलत होती. मी 'काही कारणाने' हे शब्द आयुष्यात कितीदा पाहिलेत! लेखकाला माहीत असतं पण सांगायचं नसतं, तिथे ते येतात. मी नेहमी समासात प्रश्नचिन्ह काढते.

"भाज ते," मी म्हणाले.

"नक्की? त्यात काय निघेल ते—"

"काहीही निघालं तरी त्यांचा आवाज असेल. नसला तरी त्यांनी कापलेलं असेल."

गुरुवारी दुपारी मी पोचले तेव्हा रीळ तयार होतं आणि खोलीत एक उंच, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ माझ्या खुर्चीवर बसले होते. शर्टाच्या खिशावर एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलचं नाव शिवलेलं. घरचं रीळ आज वाजणार हे तिने त्यांना कळवलं होतं. मी त्यांना कधी पाहिल्याचं आठवत नव्हतं, तरी ओळखलं.

"तू म्हणजे ती," ते म्हणाले. खोली भरून टाकणारा आवाज. बाबांनी नाव उगाच ठेवलं नव्हतं. "ड्रमच्या खोक्यात झोपायचीस. तीन वर्षांची असशील. आम्ही सुरू झालो की गाढ झोप, थांबलो की भोकाड."

"काका, ते वाक्य तुम्ही लिहिलंय?"

"सांगितलं मी. लिहिलं त्यांनी." ते खुर्चीवरून उठले नाहीत, पण जरा सरळ झाले. "तुझे वडील गेले, मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण जे झालं ते झालं. माझ्या आयुष्यात एक गाणं बरं झालं होतं पोरी, एकच. आता मी लोकांना रिव्हर्स कसा घ्यायचा ते शिकवतो."

"हॉर्न कमी वाजवायला पण शिकवत असाल."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "बापाची जीभ आहे तुला."

रीळ चढवलं. अंदाज बरोबर होता, दर दहा-पंधरा सेकंदांनी जोड सुटत होता आणि टेपचं टोक फडफडत राहायचं. तिने यंत्र थांबवायचं, मी दोन्ही टोकं धातूच्या खाचेत बसवायची, चमकदार बाजू वर, नवी पट्टी दाबायची, नखाने घासायचं. नऊ-दहा वर्षांची असताना रविवारी बाबांनी मला हे शिकवलं होतं. रीळ हाताने पुढेमागे फिरवायचं म्हणजे आवाज गुरगुरत, रांगत येतो, आणि त्यात हवी ती जागा शोधायची. तिथे पिवळ्या मेणाच्या पेन्सिलने खूण. तिरकं कापायचं, म्हणजे जोड कानाला लागत नाही. पहिले दोन जोड माझे वाकडे झाले. तिसऱ्यापासून हाताला आठवलं.

आणि तुकडे. कुणीतरी शिंकलं, मोठ्याने, आणि गिटार घसरली. कुणीतरी म्हणालं, "हा माइक चालू आहे का?" आणि बाकीचे चौघे एकदम म्हणाले, "नाही!" एक लांबलचक ढेकर, त्यावर टाळ्या. काका आधी हाताची घडी घालून बसले होते. ढेकरेला त्यांच्या दाढीत काहीतरी हललं. "ती बासवाल्याची," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाची इतकी सुरात नसायची." नंतर बासवाला खुर्चीसकट पडला तेव्हा ते मोकळेपणाने हसले, आणि हसता हसता चष्मा काढून पुसू लागले.

अर्ध्याहून पुढे एक तुकडा आला, त्याच्या एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला पांढरी पट्टी लावलेली होती. दुसऱ्या कुठल्याच तुकड्याला तसं नव्हतं. लाल पट्टीवर पेन्सिलने लिहिलेलं: 'टाकी ६, शिवी'. मग 'टाकी ६, शिवी' यावर एक आडवी रेघ.

मी जोड दाबला. तिने यंत्र सुरू केलं.

शिवी आली नाही. ड्रमची गिरकी जिथे यायला हवी तिथेच, नंतर आली, आणि तिच्यावर पाय ठेवून चढावं तसा तो आवाज चढला, वय वर्षं तेवीस:

*टाकी भरली की हाक मारा,*
*आम्ही जिन्यात उभे.*
*वरती काय ते दिसत नाही,*
*हाक तेवढी मारा.*

चाळीस सेकंद. काका हलले नाहीत. कडवं संपलं आणि पांढरी पट्टी गेली. मला वाटलं आता पुढचा खोकला येईल. त्याऐवजी शांत खोली ऐकू आली. स्टुडिओ नाही, घर. दूर कुठेतरी भांडं. आणि माइकच्या फार जवळ:

"हं. हे सातचं आहे. मी चुकीच्या टेकमधून कापलं. रीळ फिरवताना दोन्ही सारखेच वाटले, आणि मी घाईत होतो. सहा म्हणून गुंडाळून ठेवलं, परत वाजवून बघितलं नाही. ती माझी चूक. आज हशाचं जोडायला घेतलं, तर शिवी येईना, हे आलं." थोडा वेळ फक्त श्वास. "दुपारी भोंग्याकडे जाऊन आलो. त्याने दार लावलं. त्याचंही बरोबर आहे. तुकडा चांगला आहे, कुठे मार नाही. कुणाला लागला तर लाल टोक आधी, पांढरं नंतर."

मग लांबून, दुसऱ्या खोलीतून, एका तरुण बाईचा आवाज: "कुणाशी बोलताय एकटेच? लागला का काही पत्ता?"

बाबांनी उत्तर द्यायला घेतलेलं ऐकू येतं. तोंड उघडल्याचा आवाज येतो. मग ते म्हणतात, "अगं, भाजी करपतेय."

खटका. पुढच्या तुकड्यात कुणीतरी शिट्टी वाजवत होतं. तिने यंत्र थांबवलं.

ते खोटं बोलले नव्हते. त्या दिवशी घरी येऊन हात धुऊन सांगितलं तेव्हा त्यांना तसंच वाटत होतं. आणि कळलं तेव्हा ज्याला सांगायचं होतं त्याच्याकडे ते गेले होते.

"आला होता," काका म्हणाले. त्यांचा आवाज एवढा लहान होऊ शकतो असं मला वाटलं नव्हतं. "हातात एक गोल डबी होती. मला वाटलं, रीळ मागायला आलाय. मी म्हटलं, अजून काय कापायचं राहिलंय? आणि दार लावलं. तो बाहेर थोडा वेळ उभा होता. मला दाराखालून चपला दिसत होत्या." ते थांबले. "एक चप्पल अंगठ्याला तारेने बांधलेली होती. मला तेव्हा हसू आलं होतं आणि मी हसलो नाही. हसलो असतो तर उघडावं लागलं असतं."

मी त्यांना पाणी दिलं. दुसरं काय द्यायचं ते सुचलं नाही.

आधी तिने दोन्ही रिळांवरचं सगळं संगणकावर उतरवून घेतलं. "आता जोड संगणकावर केला तरी चालेल," ती म्हणाली. "पण खाच समोरच आहे."

मी कंपनीचं रीळ चढवलं. हाताने फिरवत पहिल्या कडव्याच्या शेवटाशी आले. अडतीस वर्षांपूर्वी बाबांनी केलेला जोड तिथे होता, तिरका, नेमका. तो मी सोडवला. लाल टोक आधी, पांढरं नंतर. काका माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते आणि श्वास रोखून धरत होते, जसं काही मी गाडी अरुंद फाटकातून नेते आहे.

"डावीकडे थोडं," ते पुटपुटले.

"काका, गप्प बसा."

"बसतो."

गाणं आम्ही पहिल्यापासून वाजवलं. सात मिनिटं. बाबा म्हणत होते ते खरं होतं, जरा लांबतं. पण दुसऱ्या कडव्याशिवाय तिसऱ्यातली हाक कुणाला मारली आहे तेच कळत नाही.

उरली पुस्तिका. मी तिच्या टेबलापाशी बसून वाक्य नव्याने लिहिलं: 'दुसरं कडवं रेकॉर्डिस्टच्या हातून चुकून कापलं गेलं. तो तुकडा त्यांनी अखेरपर्यंत जपून ठेवला होता. आता तो जागेवर जोडला आहे.'

काकांनी वाचलं. "आणि दार?"

"जागा दोन ओळींचीच आहे."

"तुझ्या बापाने स्वतःची चूक माइकवर सांगितली. मी काय दोन ओळींत लपून बसू? घाल ते."

मी घातलं: 'तो परत द्यायला ते गायकाकडे गेले होते, गायकाने दार उघडलं नाही.' काकांनी माझी पेन्सिल घेतली, 'उघडलं नाही' खोडलं आणि वर 'लावून घेतलं' लिहिलं. दुरुस्ती बरोबर होती. मी ठेवली.

"एक शेवटचं," ती म्हणाली. पडद्यावर गाण्याची निळी लाट होती आणि तिच्या आधी, थोडं अंतर सोडून, एक छोटासा डोंगर. "हे कुठून कापू? तबकडीवर गाणं थेट सुरू करतात सहसा. आधीचं बोलणं काढून टाकतात."

तो डोंगर म्हणजे 'टाकी, टेक सात'. मला बाबांचं म्हणणं माहीत होतं. माझा आवाज कशाला लोकांच्या गाण्यात. जे त्यांनी चूक म्हणून, खाजगीत सांगितलं होतं, ते मी कुणाला देणार नव्हते. ते रीळ घरी जाणार होतं. पण हे तर त्यांनी काचेमागून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं होतं.

"राहू दे," मी म्हणाले. "लोक तेवढं थांबतील."

"राहू दे," काका म्हणाले. "त्याच्याशिवाय मला सूर कुठून सुरू करायचा ते कळायचंच नाही."

संध्याकाळी घरी आले तेव्हा आई ओट्यापाशी होती. मी फोन टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "बस जरा." तिने हात पुसले, पण बसली नाही. मी तो शेवटचा भाग लावला. चूक, दार, लाल टोक, पांढरं टोक. तिने एका हाताने ओट्याची कड धरली होती. मग तिचा स्वतःचा आवाज आला, दुसऱ्या खोलीतून, अडतीस वर्षं लहान, आणि त्याच्यामागोमाग भाजीचं ते वाक्य.

तिने ओट्याची कड सोडली.

"खरंच करपली होती," ती म्हणाली. "मला वाटायचं, उगाच म्हणाले असतील. पण आत्ता आठवलं. तळाला पार काळी झाली होती. तरी खाल्ली त्यांनी. आणि वर म्हणतात कसे, छान झालीय."

मग ती खुर्ची ओढून बसली.

"परत लाव," ती म्हणाली. "आणि आवाज थोडा मोठा कर."